हेडफोनची केबल घरी कशी बनवावी: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या हेडफोनचा डावा कान पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा पुढचे काही महिने मी पिन अंगठ्याने एका बाजूला दाबून धरत गाणी ऐकली. कंपनीची नवी केबल मागवायची तर हेडफोनच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जात होता, आणि सांगलीत ती कोणाकडे मिळतही नव्हती. शेवटी मिरजेतल्या, एके काळी ट्रान्झिस्टर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांनी केबल दुरुस्त करून दिली नाही. सोल्डरिंगची इस्त्री माझ्या हातात दिली आणि स्वतः चहा घेत बसले. त्यानंतर मी स्वतःसाठी आणि मित्रांसाठी बऱ्याच केबली केल्या, त्यातल्या पहिल्या तीन फुकट गेल्या. त्या तीन तुमच्या जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. घरी केलेल्या केबलमुळे आवाज 'खुलतो' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. २६ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.१३ ओहम असतो. दीड मीटरच्या केबलमध्ये जाण्या-येण्याची मिळून तीन मीटर तार धरली, तर एकूण रोध ०.४ ओहम होतो, आणि ३२ ओहमच्या हेडफोनवर त्याचा परिणाम ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. तो कानाला कळत नाही. चांदीचा मुलामा दिलेल्या तारेवर पैसे घालायचे की नाही, हे या आकड्यावरून तुम्हीच ठरवा. घरच्या केबलचा फायदा वेगळा आहे: लांबी आपल्या टेबलाला बेतून ठेवता येते, वायर मऊ घेता येते, आणि पुन्हा कधी तुटलीच तर अर्ध्या तासात जोडता येते.

१. आपला हेडफोन नीट पाहा

केबल हेडफोनमधून काढता येते का, हे पहिल्यांदा पाहावे. ती आतच सोल्डर केलेली असेल, तर पहिल्या प्रयत्नासाठी तो हेडफोन घेऊ नये. कानावर बसणारा कप उघडताना आतली केसासारखी बारीक तार तुटली, तर सगळाच खेळ संपतो.

केबल निघत असेल, तर हेडफोनच्या बाजूचे टोक कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. ३.५ किंवा २.५ मिलिमीटरची पिन, तीन टोकांचा मिनी एक्सएलआर, सेनहायझर एचडी ६०० आणि ६५० यांना लागणारी एक काडी जाड व एक बारीक अशी दोन काड्यांची पिन, कानात घालायच्या इअरफोनवरची ०.७८ मिलिमीटरची दोन काड्यांची पिन किंवा फिरणारी एमएमसीएक्स, हे नेहमी दिसणारे प्रकार आहेत. ३.५ आणि २.५ या पिना लांबून सारख्याच दिसतात, म्हणून अंदाजाने मागवू नये, व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. काही हेडफोनच्या कपातले भोक खोल आणि अरुंद असते. तिथे बाजारातल्या साध्या पिनेचे जाड टोपण आत शिरतच नाही. माझी पहिली केबल याच कारणाने वाया गेली. पिन बरोबर होती, सोल्डर बरोबर होते, पण टोपण मिलिमीटरभर जाड निघाले.

२. सामान जमवा

२५ वॉटची टोकदार इस्त्री, किंवा परवडत असेल तर तापमान ठरवता येणारी; ६०/४० किंवा ६३/३७ ची (कथील आणि शिशाचे प्रमाण) सोल्डर वायर, शक्य तितकी बारीक; सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रोझिनचे फ्लक्स; वायर सोलायचा स्ट्रिपर; बारीक टोकाची कटर; बझर असलेला मल्टीमीटर; वेगवेगळ्या मापांच्या, गरम केल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक स्लीव्ह; आणि पिन घट्ट धरून ठेवायला काहीतरी जड. मी जुना छोटा शेगडा (व्हाइस) वापरतो, पण लाकडी फळीला भोक पाडून त्यात पिन रोवली तरी काम होते.

साध्या प्लास्टिकच्या डबीत मिळणारी स्वस्त सोल्डरिंग पेस्ट घेताना जपून राहावे. पत्र्याच्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये आम्लधर्मी क्षार असतात. जोड लगेच छान चकाकतो, पण काही महिन्यांत त्यावर हिरवट पूड चढते आणि आत तार कुरतडली जाते. पावसाळ्यात हे आणखी लवकर घडते. दुकानात 'इलेक्ट्रॉनिक्सला चालणारे रोझिन फ्लक्स' असे स्पष्ट सांगून मागावे.

सांगली-मिरजेत इस्त्री, सोल्डर, स्लीव्ह आणि मल्टीमीटर टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतात. चांगल्या पिना आणि मऊ वायर मात्र बहुधा बाहेरूनच आणावी लागते. पुण्याला जाणे झाले तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड. दुकानदाराशी बोलताना एक शब्द सांभाळावा: आपल्याकडे घुसणाऱ्या पिनेलाही 'जॅक' म्हणतात आणि जिच्यात ती घुसते त्या भोकालाही 'जॅक'च म्हणतात. 'मेल' हवी की 'फिमेल' हे सांगितल्याशिवाय बस पकडू नये. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली पिनाही पुष्कळ खपतात. टोपण फिरवताना आटे खरखरले किंवा आतले काळे प्लास्टिक हलले, तर ती पिन तिथेच परत द्यावी.

३. वायर निवडा

इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण गेज हा शब्द एकच असला तरी मापे दोन आहेत. परदेशी केबलवर अमेरिकन गेज लिहिलेले असते. त्यात २६ गेज म्हणजे ०.४० मिलिमीटरची तार. आपल्या बाजारात अजूनही ब्रिटिश गेज चालते आणि त्यात २६ गेज म्हणजे ०.४६ मिलिमीटर. शिवाय दुकानदार '१४/३६' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ३६ गेजच्या १४ बारीक तारा एकत्र पिळलेली वायर असा असतो. ती वायर चांगली असली तरी हेडफोनसाठी जाड आहे. तिच्या चार पदरांची वेणी केली तर गळ्यात दावे बांधल्यासारखे वाटते.

चांगली निवड म्हणजे अमेरिकन २४ ते २८ गेजच्या दरम्यानची, अनेक बारीक तारांची, मऊ वेष्टनाची वायर. चार पदर वेगळे घेऊन वेणी घालायची नसेल, तर स्टुडिओत वापरतात ती चार वाहकांची बारीक मायक्रोफोन केबल घ्यावी. मोगामीची २८९३ ही त्यातली नेहमीची निवड आहे: चार वाहक, प्रत्येक २६ गेजचा, आणि बाहेरची जाडी ४.८ मिलिमीटर. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हीच सुचवतो, कारण वेणीचा सगळा व्याप वाचतो. मात्र पिनेच्या टोपणाचे मागचे भोक तेवढ्या जाडीचे आहे का, हे आधी तपासावे.

जुन्या इअरफोनची वायर काढून वापरण्याचा मोह टाळावा. तिच्या प्रत्येक बारीक तारेवर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. नवखे लोक तासभर इस्त्री लावत बसतात आणि सोल्डर गोळा होऊन घसरत राहते.

४. कागदावर जोडणी काढा

इस्त्री तापवण्याआधी कागदावर दोन्ही टोकांचे चित्र काढून कोणती तार कुठे जाणार ते लिहावे. साध्या तीन भागांच्या पिनेवर टोक म्हणजे डावा कान, मधले कडे म्हणजे उजवा, आणि खालचा लांब भाग दोघांचा समाईक परतीचा मार्ग. ३.५ असो की जाड ६.३५ मिलिमीटर, हा क्रम तोच राहतो. मोबाइलच्या माइकसहित चार भागांच्या पिनेत आता सर्रास आढळणारा क्रम असा: टोक डावा, पहिले कडे उजवा, दुसरे कडे समाईक, आणि शेवटचा भाग माइक. काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलट असत.

हेडफोनच्या टोकाला दोन्ही कानांना स्वतंत्र पिना असतील, तर प्रत्येक कानाला दोन तारा, म्हणजे एकूण चार तारा लागतात. त्या चारही तारा खालच्या पिनेपर्यंत वेगळ्याच न्याव्यात आणि परतीच्या दोन तारा फक्त पिनेवरच जोडाव्यात. वाटेत, केबल दोन कानांकडे फुटते त्या इंग्रजी 'वाय'च्या आकाराच्या फाट्यापाशी दोन्ही परतीच्या तारा जोडून खाली एकच तार नेली, तर त्या एका तारेच्या रोधामुळे डाव्या कानाचा आवाज थोडा उजव्यात झिरपतो. चार तारा वेगळ्या ठेवल्या, तर पुढे कधी बॅलन्स्ड पिन (दोन्ही कानांचे परतीचे मार्ग वेगळे ठेवणारी) लावावीशी वाटली तेव्हा केबल पुन्हा करावी लागत नाही.

एकाच कपात शिरणारी केबल असेल, तर काम सोपे असते. एकेजीच्या तीन टोकांच्या मिनी एक्सएलआरमध्ये एक नंबर समाईक, दोन डावा आणि तीन उजवा. सेनहायझरच्या दोन काड्यांच्या पिनेत जाड कोणती आणि बारीक कोणती कशाला जाते, हे पाठ करत बसू नये. जुन्या केबलच्या एका टोकाला मल्टीमीटरची एक काडी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी लावून बझर वाजवून पाहावे आणि कागदावर लिहावे. जुनी केबल एका कानात तुटलेली असली, तरी दुसऱ्या कानावरून उत्तर मिळते. म्हणून ती लगेच फेकू नये. वेष्टनाच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये.

बॅलन्स्ड पिनांबद्दल एक कडक इशारा द्यावा लागतो. ४.४ मिलिमीटरच्या पाच भागांच्या पिनेत टोकापासून क्रमाने डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि शेवटी अर्थ (ग्राउंड) असतो. चार टोकांच्या एक्सएलआरमध्ये १ ते ४ हाच क्रम आहे. २.५ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड पिनेत मात्र टोकाशी उजवा ऋण, मग उजवा धन, मग डावा धन आणि शेवटी डावा ऋण. अशा ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही ऋण टोके स्वतंत्र चालवलेली असतात. ती एकमेकांना जोडली, तर ॲम्प्लिफायरच्या दोन भागांत शॉर्ट होऊन तो जळू शकतो. म्हणून बॅलन्स्ड ॲम्प्लिफायरमधून साध्या तीन भागांच्या हेडफोनपर्यंत नेणारा अडॅप्टर कधीही करू नये. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड पिनेचा हेडफोन साध्या ॲम्प्लिफायरला लावणारा अडॅप्टर मात्र निर्धोक आहे. दोन्ही अडॅप्टर टेबलावर सारखेच दिसतात, त्यामुळे केलेल्यावर लगेच चिठ्ठी लावावी.

५. कापा, आणि हवी असेल तर वेणी घाला

दीड मीटरची केबल हवी असेल आणि वेणी घालायची असेल, तर मी दोन मीटरचे चार तुकडे कापतो, कारण वेणीत लांबी खर्च होते. उरलेले टोक कापून टाकता येते, पण कमी पडलेले वाढवता येत नाही.

चारपदरी गोल वेणी आमच्या घरात आईलाच नीट जमते. तिने चारही तारांची टोके खिडकीच्या गजाला बांधली आणि दाखवले: सर्वांत उजवीकडचा पदर मागून दोन पदरांच्या खालून डावीकडे न्यायचा आणि त्यातल्या अलीकडच्या एकावरून परत आपल्या बाजूला आणायचा. मग सर्वांत डावीकडचा तसाच दोनांखालून उजवीकडे आणि एकावरून परत. एवढेच. ताण सारखा ठेवला की वेणी आपोआप गोल होत जाते. चुकली आहे हे वीतभर पुढे गेल्यावर कळते, म्हणून दर चार-पाच पेडांनी थांबून पाहावे. वायच्या फाट्यापर्यंत चार पदर, आणि पुढे दोन-दोन पदर पीळ देऊन दोन्ही कानांकडे न्यावेत. वर कापडी आवरण हवे असेल, तर गिर्यारोहणाच्या दुकानातली पॅराकॉर्ड घेऊन तिच्या आतल्या दोऱ्या ओढून काढाव्यात. उरलेले पोकळ कवच वायरवर छान चढते.

६. आधी ओवा, मग जोडा

हा टप्पा छोटा आहे, पण सर्वांत जास्त केबली इथेच वाया जातात. पिनेचे टोपण, फाट्यावरची स्लीव्ह, प्रत्येक तारेवरची बारीक स्लीव्ह आणि कापडी आवरण हे सगळे सोल्डर करण्याआधी वायरवर ओवून मागे सरकवून ठेवावे, आणि टोपणाचे तोंड पिनेकडे आहे हेही पाहावे. चार जोड आरशासारखे झालेले आहेत, आणि टोपण टेबलावर पडून आपल्याकडे पाहते आहे, हा प्रसंग माझ्यावर तीनदा आला आहे. त्यावर उपाय एकच: सगळे उसकून पुन्हा करणे.

७. सोल्डर करा

तारेचे वेष्टन चार-पाच मिलिमीटरच सोलावे. सोललेल्या तारा बोटाने पिळून त्यांवर थोडे फ्लक्स लावावे आणि सोल्डरचा पातळ थर चढवावा. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात, तोच हा प्रकार आहे, आणि दोन्हीकडे कथीलच असते. पिनेवरच्या पट्ट्यांनाही अशीच कल्हई करून घ्यावी. मग तार पट्टीवर टेकवून इस्त्री लावली की दोन सेकंदांत जोड होतो.

मी इस्त्रीच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तो तारेवर ओतू पाहत होतो, तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तार तापव रं, कथील आपोआप पळतंय." सगळी विद्या त्या एका वाक्यात आहे. जोड तापलेला नसताना वरून सोडलेले सोल्डर गोळा होऊन बसते, बाहेरून पक्के दिसते आणि आठवड्याभरात सुटते. नीट झालेल्या जोडात सोल्डर तारेच्या पेडांत शिरलेले आणि कडेला पसरलेले दिसते.

तापमान ठरवता येत असेल, तर शिशाच्या सोल्डरसाठी ३३० ते ३५० अंश सेल्सिअस पुरेसे आहे. साध्या इस्त्रीचे तापमान विजेच्या दाबावर अवलंबून असते, आणि तिची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १९० आले, तर २५ वॉटची इस्त्री जेमतेम १७ वॉटची उरते. गावाकडे संध्याकाळी दिवे मंदावतात, त्या वेळी जोड नीट होत नाहीत ते याच कारणाने. सकाळी बसावे.

इस्त्री पिनेवर तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. आतले प्लास्टिक मऊ होऊन टोक तिरके होते आणि मग पिन भोकात जात नाही. पिन एखाद्या फिमेल सॉकेटमध्ये घालून सोल्डर केले, तर टोक सरळ राहते आणि उष्णताही वाटली जाते. ०.७८ च्या दोन काड्यांसाठी तर हे केल्याशिवाय काम करूच नये.

खिडकी उघडी ठेवावी, धुराच्या थेट वर तोंड नसावे, आणि सोल्डरमध्ये शिसे असल्यामुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. लहान मुले असलेल्या घरात इस्त्रीचा स्टँड जड घ्यावा.

८. ताण सोल्डरवर येऊ देऊ नका

कंपनीच्या केबली पिनेच्या गळ्याशी तुटतात. घरची केबलही तिथेच तुटेल, जर ओढ थेट जोडावर गेली तर. पिनेच्या मागे दोन पाकळ्यांची पकड असते. तिच्यात उघडी तार कधीच दाबू नये, वेष्टनासहित केबल दाबावी. केबल बारीक असेल, तर तिच्यावर स्लीव्हचे दोन-तीन थर चढवून ती पकडीइतकी जाड करावी. पाकळ्या चिमट्याने हळूहळू जवळ आणाव्यात, कारण जोरात दाबल्यास त्या वेष्टन कापून आत शिरतात आणि टोपण बंद झाल्यावर आतला शॉर्ट सापडत नाही. प्रत्येक जोडावर बारीक स्लीव्ह सरकवून गरम हवेने आवळावी. लायटरची ज्योत चालते, पण ती लांब धरून फिरती ठेवावी, नाहीतर स्लीव्ह काळी पडून चिरते.

९. ॲम्प्लिफायरला लावण्याआधी तपासा

टोपण बंद करण्याआधी मल्टीमीटरच्या बझरवर प्रत्येक जोडी तपासावी: जिथे वाजायला हवे तिथे वाजते का, आणि जिथे वाजायला नको तिथे गप्प आहे का. दुसरा भाग लोक विसरतात. हे करताना हेडफोन जोडलेला नसावा, कारण त्यातून मार्ग मिळून मल्टीमीटर चुकीची वाचने दाखवतो. मग टोपण लावून पुन्हा तपासावे आणि बझर चालू ठेवून केबल गळ्याशी वाकवून पाहावी. आवाज तुटला, तर जोड कच्चा आहे.

पहिल्यांदा हेडफोन लावावा तो स्वस्तातल्या एखाद्या उपकरणाला, महागड्या ॲम्प्लिफायरला नव्हे. डावा-उजवा बरोबर आहे का, हे लगेच कळते. एका कानाच्या तारा उलट्या लागल्या असतील, तर ते पटकन कळत नाही, कारण दोन्ही कान वाजत असतात. त्यासाठी मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारे ध्वनिमुद्रण लावावे. मी मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांचे मुद्रण लावतो. ते १९३७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची सगळी मुद्रणे मोनोच आहेत. जोडणी बरोबर असेल, तर त्यांचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी बसतो. एक कान उलटा असेल, तर तो दोन्ही बाजूंना फाटल्यासारखा, पोकळ ऐकू येतो आणि खालचे स्वर हरवतात. तसे झाल्यास त्या कानाच्या पिनेवरच्या दोन तारांची अदलाबदल करावी, दुसरीकडे हात लावू नये.

केबल ठीक वाजली, तरी वायच्या फाट्यावरची स्लीव्ह लगेच आवळू नये. आठवडाभर तशीच वापरावी. एका बाजूचा पदर लांब राहिला आहे किंवा फाटा छातीवर फार वर येतो आहे, हे बसता-उठतानाच लक्षात येते. तोवर फाट्यावर साधी चिकटपट्टी पुरते. जागा पक्की ठरली की मगच स्लीव्ह तिथे सरकवून आवळावी.